आठ शनिवार

शनिवार, १० जानेवारी
नवीन पनवेल

सगळ्यात आधी आली ती रोशनीची एक चप्पल. जिन्यातून उडत येऊन आमच्या दारावर आपटली. मग रोशनी आली. तिच्यामागून अपूर्व, दुसरी चप्पल हातात, लॅपटॉपची बॅग गळ्यात आणि मनगटावर ताजे दात उमटलेले. वरच्या मजल्यावरची सुनिता नेमकी तेव्हाच कठड्यावर सतरंजी झटकायला आली. तिच्या सतरंजीत धूळ नसते, कान असतात.

तर दिपिका, आली गं तुझी लेक. बरोबर एका वर्षाने आली. माझ्या छातीला लागते आता. उंच झालीय एवढंच लिहिते, जास्त लिहीत नाही.

फोन तू उचलत नाहीस म्हणून हा कागद. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, तेही शिरढोणच्या शाळेत, त्यातले निम्मे दिवस भावंडं सांभाळण्यात गेले. चुका पोटात घाल. अपूर्व जेवून आडवा झालाय तोवर लिहून रोशनीच्या डब्याच्या पिशवीत ठेवते. डबा तूच घासतेस, म्हणजे तुझ्याच हाताला लागेल.

अपूर्वने मला सगळं सांगितलं. शाळेच्या बाईंनी तुम्हा दोघांना त्या ऑनलाइन वर्गाला घातलंय, ज्यांची मुलं मारतात, चावतात, फेकाफेकी करतात त्या आईबापांच्या. आठ शनिवार, सकाळी अकरा ते बारा. शनिवारी तुला लॅबमध्ये ड्युटी, तू तिथूनच मोबाइलवर बसणार. अपूर्व ठाण्याच्या घरून बसला तर पोरीला कोण धरणार? पाळणाघरवालीने हात जोडलेत. म्हणून पनवेल. म्हणजे माझी आठवण आली म्हणून नाही, हे मला कळतं. पण मला आठ शनिवार मिळाले. आठवा झाला की कारण संपलं, तेही कळतं. बोटांवर मोजण्याइतकी मी शिकलेली आहे.

वर्ग चालू असताना मी बाजूला खुर्चीवर मेथी निवडत होते. तुला दिसले नसेन. मला तू दिसलीस. एवढ्याशा चौकटीत, पांढरा कोट, मागे भिंतीवर घड्याळ. बारीक झालीस. शिकवणाऱ्या मिताली मॅडम चांगल्या वाटल्या, आपल्या मराठीतच बोलतात, मध्ये मध्ये इंग्रजी येतं तेव्हा मी मेथीकडे बघते.

साडेअकराला रोशनीने शेंगदाण्यांचा डबा भिरकावला. कारण विचारू नकोस, मलाही माहीत नाही. शेंगदाणे अजून सोफ्याखाली सापडतायत. मी काही केलं नाही. नुसतं उचलून घेतलं.

पुढच्या शनिवारी पाठव.

शनिवार, १७ जानेवारी

मागच्या पत्रात मी काही केलं नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. मीठ-मोहऱ्या उतरवल्या तिच्यावरून. तुला ते आवडत नाही म्हणून लपवलं. आता लपवून उपयोग नाही, कारण आज तू ते माझ्याच तोंडून ऐकलंस.

माझं तोंड, दुसरं काय. मी अपूर्वला शब्द दिला होता की खुर्चीवर गप्प बसेन. पण मिताली मॅडमनी विचारलं, मुलाने काही फोडलं, फेकलं की तुमच्या घरात पुढे काय होतं? सगळे आईबाप मुके. अपूर्व नखं बघतोय. बाई बिचारी उत्तराची वाट बघतेय, ते मला बघवेना. मी आपली खुर्चीवरून बोलले की काय होणार, सगळे धावतो. आजोबा बिस्कीट आणतात. मी तिला पाटावर बसवते, मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेते, सात वेळा उतरवते, मग मांडीवर घेते आणि गालाला काजळाची तीट लावते. ती अगदी गरीब गाईसारखी बसते तेवढा वेळ.

मॅडम म्हणाल्या, हे कोण बोललं? अपूर्वने लॅपटॉप वळवला. चौकटीत मी, गाऊनवर, हातात मेथीची काडी. आणि तुझी चौकट काळी झाली. नुसतं तुझं नाव राहिलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि रोशनी शांतपणे खेळत असते तेव्हा आजी काय करतात?"

मी म्हटलं, तेव्हा कशाला काय करायचं? तेव्हा मी आवाज न करता स्वयंपाकघरात जाते. शांत बसलेल्या पोराला कुणी हात लावतं का?

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. मांडी हवी तर डबा फेकायचा, असं मीच शिकवलंय की तिला. नंतर मेथी निवडली पण देठ भाजीत आणि पानं कचऱ्यात गेली. हे जेवताना काही बोलले नाहीत, म्हणजे भाजी वाईटच झाली असणार.

मॅडम म्हणाल्या, मुलाबरोबर जो राहतो त्याने वर्गात बसायचं, आजीनेही. तू त्यावर काही बोलली नाहीस. हो नाही, नाही पण नाही. मी त्याला हो धरून बसलेय. नसेल तर पुढच्या शनिवारी पाठवू नकोस, मला समजेल.

शनिवार, ३१ जानेवारी

पाठवलंस. दोन्ही शनिवारी पाठवलंस. मागच्या वेळी लिहायला जमलं नाही, कंबर धरली होती. पोरीमागे धावून नाही, धावायचं बंद केलंय म्हणून. बसून राहण्याने जास्त दुखतं, हे डॉक्टरला सांगितलं तर तो हसेल.

वर्गात शिकवलं की आदेश एकच द्यायचा, छोटा द्यायचा, आणि मग पाच सेकंद गप्प राहायचं. मी म्हटलं, यात काय शिकायचंय. मग मिताली मॅडमनी माझ्याकडून करून घेतलं. मी रोशनीला सांगितलं, अगं ए बाई, ती वही उचल, पाय धुतलेस का, अशी पाय पसरून नको बसू, आजोबा पडतील, मागे त्या काशीरामभाऊंचा पाय असाच मोडला, वही उचल म्हटलं ना. मॅडमनी मोजले. चार आदेश आणि एक काशीराम. लेकराने कुठला पाळायचा?

पाच सेकंद गप्प राहणं म्हणजे काय असतं ते मला साठी उलटल्यावर कळलं. घशाशी येऊन उभं राहतं सगळं. मी पदर तोंडात धरते. पण मागच्या शनिवारी "वही उचल" म्हणून मी पदर चावत बसले आणि तिने उचलली. रागानेच उचलली, टेबलावर आपटली, पण उचलली.

दुसरं शिकवलं ते दुर्लक्ष. ती उगाच किंचाळायला लागली, कुणाला लागत नसेल, तर तिकडे बघायचं नाही. हे मला जमतं, मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचते. एकादशी, चतुर्थी, पंचक सगळं पाठ झालंय. यांना जमत नाही. तुझे सासरे चाळीस वर्षं एसटीच्या डेपोत कुणाच्या आरडाओरड्याला बधले नाहीत, आणि इथे पेपर तोंडासमोर धरून त्यांच्या डोळ्यांतून पाणी. पेपरमागून बिस्किटाचा हात पुढे यायला लागला तेव्हा मी तो हात धरून ठेवला. वीस मिनिटं किंचाळली. सुनिता वरून विचारायला आली, काय झालं म्हणून. म्हटलं, काही नाही, आमचा क्लास चालू आहे.

दमायला होतं गं. ही दोघं गेल्यावर मी दिवेलागणीपर्यंत उठत नाही. तू हे रोज करतेस, लॅबमधून जाऊन. मी कधी विचारलं नव्हतं तुला, दमतेस का म्हणून.

शनिवार, ७ फेब्रुवारी

या आठवड्याचा गृहपाठ मला येत नाही. सरळ सांगते.

मुलाने जे बरं केलं ते त्याच्या तोंडावर, स्पष्ट शब्दांत सांगायचं. नुसतं शहाणी, गुणाची असं नाही. काय केलं ते नाव घेऊन. दिवसातून निदान तीनदा. अपूर्व म्हणाला, आई, तू पहिलं बोल. मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. मॅडमना वाटलं नेट गेलं.

का फुटत नाही ते तुला माहीत आहे. म्हणजे अर्धं माहीत आहे. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या दिवशी तू बायकांना मोबाइलवर रोशनीचे फोटो दाखवत होतीस, किती छान गाते, किती लवकर वाचायला लागली, सांगत होतीस. आणि पाठोपाठ रोशनीने तिळगुळाचं ताट उधळलं, सुनिताच्या कपाळाला लागलं. तेव्हा मी भर बायकांत तुला म्हटलं, "आईचीच दृष्ट लागते पोरीला. तूच आहेस तिच्या या वागण्याला कारण."

आजवर मी सगळ्यांना सांगत आले की सून किरकोळ गोष्टीवरून रुसून गेली. किरकोळ नव्हती. ती ही होती. वाक्य माझंच, म्हणून जसंच्या तसं लिहिलंय.

आज मी युक्ती केली. आधी तीट लावायची, मग कौतुक, म्हणजे दोन्हीकडून सांभाळलं जातं. रोशनी चित्र रंगवत बसली होती, पंधरा मिनिटं, एकही खडू न मोडता. मी काजळाचं बोट गालाला लावलं. तर ती खसकन पुसून म्हणाली, "मी आता काहीच केलं नाहीये."

मी म्हटलं, मग?

"मग काळं का लावलंस? मी वाईट वागले की तू काळं लावतेस."

दिपिका, सात वर्षांची पोर. तिला वाटत होतं ती शिक्षेची खूण आहे. फेकलं की मीठ-मोहऱ्या आणि वर तीट, दर वेळी. आपणच वाईट आहोत म्हणून गालावर खूण, असं धरून चालली होती. कौतुक राहिलंच. मी खडू गोळा करत बसले.

शनिवार, १४ फेब्रुवारी

उरलेलं अर्धं आज लिहिते. हे अपूर्वलाही नीट माहीत नाही.

त्याच्या आधी मला मुलगी होती. शकू. तीन वर्षांची. करंज्याला यांच्या आत्याकडे लग्न होतं, म्हणून तिला घेऊन गेले होते. बंदरावर बायका बोंबील वाळत घालत होत्या. माझी शकू त्यांच्यामध्ये बसून त्यांच्यासारखेच बोंबील ओळीने मांडायला लागली. एक म्हातारी म्हणाली, काय गुनाची पोर हाय, नजर लागंल कुनाची. मला किती बरं वाटलं. मी पण म्हटलं, आहेच माझी गुणाची. मोठ्याने म्हटलं. चौथ्या दिवशी तापाने गेली. आत्याबाई म्हणाल्या, बोलून दाखवलंस ना, झालं मग.

त्यानंतर या घरात मी कुणाला बरं म्हटलं नाही. अपूर्व दहावीला शाळेत पहिला आला, तर मी म्हटलं, पेढे कमी आणलेस. त्याचं तोंड अजून आठवतं. मी त्याला वाचवत होते, असं मला वाटायचं.

आज दुपारी जेवताना रोशनीने पाण्याचा पेला ठेवला. एरवी आपटते, आज ठेवला. काजळाची डबी मी आधीच कपाटात वर टाकली होती, हात पोचणार नाही अशी. मी म्हटलं, "रोशनी, पेला हळू ठेवलास. पाणी सांडलं नाही. मला आवडलं."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीच कुणी आहे. मग पेला उचलून परत ठेवला. परत ठेवला. चार वेळा. हे म्हणाले, टेबल झिजेल. अपूर्व उठून हात धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

बोलले तर आहे. आता चार दिवस मला घास जाणार नाही. तू हसशील, हस. पण तिच्याकडे लक्ष ठेव, एवढं ऐक.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आज कुणी आलं नाही. पोरगी अंथरुणात आहे, अपूर्व तिथूनच वर्गाला बसला. हे पत्र टपालाने टाकते, पोस्टापर्यंत हे जातील.

मंगळवारी अपूर्वने यांना फोन केला, रोशनीला ताप आहे. यांनी मला सांगायला नको होतं, पण यांच्या तोंडावर लगेच दिसतं. मी देवापुढे बसले नाही की रडले नाही. वरच्या कपाटातून ती डबी काढायला स्टुलावर चढले. या वयात. यांनी पाय धरून ठेवले आणि सारखं म्हणत होते, उतर, शशिकला, उतर. डबी घेऊन काय करणार होते मी? पोर ठाण्यात.

बुधवारी सकाळी तुझा फोन आला. वर्षभराने तुझं नाव दिसलं फोनवर. मला वाटलं तू मला ते वाक्य परत देणार. माझंच वाक्य, आणि मी ते घेणार होते. तू म्हणालीस, "आई, तुमचं पत्र वाचलं. तिच्या अर्ध्या वर्गाला ताप आहे. मी स्वतः रक्त तपासलंय. हे तुमच्यामुळे नाही."

तू लगेच फोन ठेवला नाहीस. मागे रोशनी खोकत होती ते ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर मी तशीच जमिनीवर बसून राहिले. दुपारचे तीन झाले तरी कुकर लावला नाही. कारण दिपिका, मी तुला ते बोलले त्या रात्री रोशनीला ताप भरला होता. मला माहीत होतं. अपूर्वने सांगितलं होतं. तेव्हा तुला कुणी फोन केला नाही की हे तुझ्यामुळे नाही म्हणून. मी तर नाहीच केला. तू लॅबमधली शिकलेली, तुझा यावर विश्वास नाही, हे मी स्वतःला सांगत राहिले. पण आईचा जीव शिकतो का? तू रात्रभर उशाशी बसून ते वाक्य ऐकलं असशील.

शकूचं आत्याबाईंनी मला ऐकवलं. मी ते उचललं आणि तुला ऐकवलं. माझं चुकलं. हे मी वर्गात सांगायला तयार आहे, सुनिताला वरून खाली बोलावून तिच्यासमोर सांगायला तयार आहे. तुला वाटलं तर.

ताप उतरला का ते कळव. अपूर्वने कळवलं तरी चालेल.

शनिवार, २८ फेब्रुवारी

तुम्ही आत्ताच गेलात आणि मी पेन घेऊन बसले. समोर होतीस तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून.

आज चप्पल नाही आली उडत. आधी तू आलीस. दारात उभी राहिलीस आणि मला वाटलं सुनिताच असेल, मी आतूनच म्हटलं, दार उघडंच आहे गं. मग बघितलं. अर्ध्या दिवसाची रजा घेतलीस म्हणालीस, शेवटचा वर्ग म्हणून. पाणी घेतलं नाहीस. अपूर्वच्या बाजूला खुर्ची ओढून बसलीस. मी पलीकडे. एकाच चौकटीत तिघं मावेनात, माझा निम्मा चेहरा बाहेर.

पावणेबाराला रोशनीने चमचा फेकला. तुला वाटलं असेल आठ आठवडे शिकून काय मिळवलं. मी कॅलेंडर वाचलं, हे पंखा बघत बसले, अपूर्व मॅडमकडे बघतोय, तू मांडीवरच्या हातांकडे. कुणी उठलं नाही. किती वेळ गेला देव जाणे. मग ती आपणहून गेली, चमचा उचलला, ओट्यावर ठेवला.

"चमचा उचलून जागेवर ठेवलास." तू पण म्हणालीस आणि मी पण. एकदमच. शब्दही तेच. रोशनी दोघींकडे बघून म्हणाली, एक जण बोला ना. तुला हसू आलं. माझ्याकडे बघून नव्हे, खाली मान घालून, पण आलं.

जेवायला बसलीस. सुकट घेतलीस, भात कमी घेतलास. मी ते संक्रांतीचं बोलायला तोंड उघडलं तेव्हा तू म्हणालीस, "मी विसरले नाहीये, आई. एवढ्यात विसरणारही नाही. पण तिला इथे यायला आवडतं." मी मान हलवली. यापेक्षा जास्त मी मागणार नव्हते. एवढंही मागितलं नव्हतं.

रोशनी बरी झाली असं समजू नकोस म्हणून मिताली मॅडमनी बजावलंय, पुन्हा चावेल, पुन्हा फेकेल, आपण दमलो तरी तेच तेच करत राहायचं. मी दमलेलीच आहे. गुडघे, कंबर, वरून यांचं बिस्कीट. पण दमून बसले की आजकाल मला बरं वाटतं, हे कसं सांगू कुणाला.

जाताना जिन्यात रोशनीने विचारलं, वर्ग संपला, मग आता शनिवारी काय? अपूर्व तुझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीकडे. तू तिच्या चपलेचा पट्टा लावत होतीस, वर न बघता म्हणालीस, "शनिवारी आजीकडे."

तू स्वतः येणार का, ते मी विचारलं नाही. सात मार्च, शनिवार, अकराच्या आधी पोचतो म्हणालात.